कायकाचे मोल आणि जत्रेतले कौतुक



आपल्या सीमाभागाला जत्रेचे अप्रूप नाही. येळ्ळूरला चांगळेश्वरीची यात्रा भरते, तिच्या निमित्ताने कुस्तीचे मैदान होते आणि सारी पंचक्रोशी तिकडे लोटते. पूर्वी अशा यात्रेतून माणूस नारळ-बत्तासे घेऊन येई, तशी वर्षाची गरजही भागवून येई. दावे, कासरा, टोपली, सूप, मडके, घोंगडे, पायताण हे सारे तेथेच मिळे. घेणाऱ्याला वस्तू हवी असे, देणाऱ्याला पैसा किंवा धान्य हवे असे. त्यात कोणी कोणाचे कौतुक करीत नसे.

अलीकडे शहरांतून निराळ्या प्रकारची जत्रा भरू लागली आहे. तिला महोत्सव म्हणतात. मांडव सुरेख असतो, दिव्यांची रोषणाई असते, निवेदक ध्वनिक्षेपकावरून आपल्या दक्षिणेच्या परंपरेचे गुणगान करतो. एका बाजूला बेळगावचा कुंदा आणि मांडे, येळ्ळूरकडचा सुवासिक तांदूळ. दुसऱ्या बाजूला इलकलची साडी, गुळेदगुड्डचा खण, खानापूरची मातीची भांडी, गोकाकची लाकडी फळे आणि खेळणी. आणि कोठे तरी कडेला, बहुधा कडेलाच, अथणी-निपाणीकडची कोल्हापुरी चप्पल. लोक येतात, पाहतात, खातात, फोटो काढतात, थोडे काही विकत घेतात आणि "आपली कला जिवंत राहिली पाहिजे" असे म्हणत घरी जातात.

यात वाईट काय, असे तुम्ही विचाराल. वाईट म्हणून मी सांगत नाही. परंतु कायकाचा विचार ज्यांच्या घरात जन्मापासून कानावर पडतो, त्या आपण तरी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. कलेचे कौतुक केले म्हणजे कारागिराचा मान राखला, असे होते काय?

या प्रश्नाचे उत्तर देणारी एक कथा आपणां सर्वांना पाठ आहे, फक्त ती आपण या प्रश्नासाठी वाचत नाही. कल्याणातले हरळय्या शरण चपला शिवण्याचे कायक करीत. त्यांनी बसवण्णांना "शरणु" म्हटले. बसवण्णांनी उलट "शरणु शरणार्थी" म्हणून दुप्पट वंदन केले. या जास्तीच्या वंदनाचे ऋण हरळय्यांना सोसवेना. तेव्हा पतिपत्नींनी आपल्याच मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी पादत्राणे केली, अशी ही आख्यायिका आहे. बसवण्णांनी ती पायात घातली नाहीत, मस्तकी धरली.

आपली प्रवचने बहुधा येथे थांबतात. डोळे पाणावतात, जयजयकार होतो. परंतु कथा येथे संपत नाही. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण कुळातून आलेले मधुवरस यांची मुलगी यांचा विवाह झाला, आणि त्यावरून बिज्जळाच्या राज्यात वणवा पेटला. हरळय्या आणि मधुवरस दोघांनाही देहदंड झाला. आता विचार करा. चपला शिवायला बिज्जळाच्या राज्यात कोणाची हरकत नव्हती. चांगल्या चपलेचे कौतुक दरबारातही होत असेल, राजालाही पाय होतेच. हरकत आली ती सोयरिकीला. हाताने केलेल्या वस्तूची वाहवा करायला कुठलाही समाज, कितीही विषम असला तरी, तयार असतो. तो हात आपल्या ताटाशेजारी आला की मात्र त्याची परीक्षा होते.

म्हणून महोत्सवातल्या टाळ्या ऐकून मला फारसा हर्ष होत नाही. त्या टाळ्या वस्तूसाठी असतात.

आता चपलेचीच गोष्ट जरा सविस्तर पाहू, कारण ती आपल्या दाराशी घडते आहे. कोल्हापुरी चप्पल हे नाव कोल्हापूरचे, पण ती करणारे हात दोन्ही राज्यांत आहेत. भौगोलिक निर्देशांकाची, म्हणजे ही वस्तू अमुक प्रदेशाचीच अशी कायदेशीर ओळख तिला २०१९ मध्ये मिळाली, तेव्हा त्या नोंदीत महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे आहेत, तसे कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हेही चार आहेत. (सीमेचा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी ही नोंद एकदा शांतपणे वाचावी. चपलेने तो कधीच मिटवून टाकला आहे.)

ती करण्याची रीत अशी. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमवतात. त्याला दिवसच्या दिवस लागतात. तळ म्हशीच्या जाड कातड्याचा. शिवण कातड्याच्याच वादीची, अस्सल जोडात खिळा नसतो. बाजूचे कान, अंगठा, वरची बारीक वेणी हे सारे हाताने होते, आणि वेणी गुंफण्याचे नाजूक काम बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकांचे असते. कापशी, पुकरी, बक्कलनाळी ही नावे घेताना आपल्याला मौज वाटते. परंतु त्या कुंडातल्या पाण्याला जो वास येतो, तो वास घेऊन जगणाऱ्या कुटुंबाला गावाने पिढ्यान् पिढ्या वेशीजवळ ठेवले, ही गोष्ट निवेदक ध्वनिक्षेपकावरून सांगत नाही.

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या जगप्रसिद्ध कंपनीने आपल्या नव्या पोशाखांचे प्रदर्शन केले. त्यात जी पादत्राणे दाखवली ती पाहून आपल्याकडचे लोक चकित झाले. ती कोल्हापुरीच होती, पण तिचे नाव कोठेही घेतलेले नव्हते. मोठा गदारोळ उठला. मग कंपनीने मान्य केले की, प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी तिने करार केला. सुमारे दोन हजार जोड येथील कारागिरांकडून करून घ्यायचे, आणि विकायची किंमत जोडामागे आठशे युरोच्या आसपास, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या घरात, असे जाहीर झाले.

त्या गदारोळात आपणही सामील होतो. "आमची कला चोरली" असे आपण म्हटले. बरोबरच म्हटले. पण त्याच वर्षी आपल्या बाजारपेठेत एका जोडासमोर उभे राहून आपण काय म्हटले, तेही आठवावे. "आठशे? काहीतरीच सांगता. पाचशेला द्या." इटलीच्या कंपनीने नाव घेतले नाही. आपण तरी त्या बाईचे किंवा बाप्याचे नाव विचारले काय? मॉलमधल्या रबरी चपलेवर चिकटवलेल्या चिठ्ठीची किंमत आपण निमूट देतो. तेथे घासाघीस करायला आपल्याला लाज वाटते. हाताने केलेल्या वस्तूपुढे मात्र ती लाज कोठे जाते?

येथे नुलिय चंदय्यांची कथा मदतीला येते. विजापूरकडच्या शिवणगीचे हे शरण गवत कापून त्याचे दोर वळीत आणि ते विकून दासोह करीत. एकदा तळ्यात गवत कापताना त्यांचे इष्टलिंग पाण्यात पडले. चंदय्यांनी ते उचलले नाही, कायक चालू ठेवले. शेवटी लिंगच त्यांच्या मागे लागले, तेव्हा त्यांनी लिंगालाही कायक लावले आणि दोर विकायला पाठवले! कथा पुढे सांगते की, लिंगाने दोर विकून रास्त मोलापेक्षा कितीतरी अधिक द्रव्य आणले, आणि चंदय्यांना राग आला. दोराचे जे मोल, तेवढेच आपले. त्याच्या वरचे आपले नव्हे.

सत्य-असत्याची खूण पटवणारी ही गोष्ट आहे असे मला वाटते. आपण समजतो की, कमी देणे हा अन्याय आणि जास्त देणे हा उदारपणा. चंदय्यांच्या तराजूत दोन्ही खोटे. कमी दिले तर श्रमाची चोरी झाली. जास्त दिले तर वस्तूचे मोल राहिले बाजूला आणि देणाऱ्याचा मोठेपणा पुढे आला. महोत्सवात एखादे श्रीमंत गृहस्थ "राहू द्या, गरीब माणूस आहे" म्हणत नोट वर ठेवतात, तेव्हा कारागिराच्या चेहऱ्याकडे पाहावे. तो नोट घेतो, कारण घर चालवायचे असते. पण कायक करणाऱ्याला भिक्षेकरी ठरवले गेले, हे त्याला कळते.

आणि ते ऐंशी हजार रुपये? त्यात चामड्याचे किती, वादीचे किती, वेणी गुंफणाऱ्या बोटांचे किती आणि कंपनीच्या नावाचे किती, हा हिशेब चंदय्यांनी पहिल्यांदा मागितला असता. करार झाला हे चांगलेच झाले, नाव मिळाले हेही चांगले. पण किंमत वाढली म्हणजे मोल पोचले असे नव्हे.

लक्कम्मांची साक्ष याच बाजूची आहे. आयदक्की मारय्या बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त आणले. लक्कम्मांनी ते घरात घेतले नाहीत, परत टाकून या म्हणून नवऱ्याला माघारी पाठवले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, गरजेपेक्षा अधिकाची हाव शरणाला शोभत नाही. स्वतः वेचून खाणारी बाई एवढ्या ताठपणे बोलू शकली, कारण तिचे मूठभर तांदूळ कोणाच्या दयेचे नव्हते.

तांदळाचा विषय निघाला म्हणून येळ्ळूरकडे पुन्हा वळतो. राजहंसगडाच्या पायथ्याच्या या शिवारातल्या सुवासिक तांदळाची कीर्ती जुनी आहे. बेळगावकडची मंडळी त्याला बासमतीच म्हणत आली. २०१६ मध्ये बासमती या नावाची भौगोलिक नोंद झाली ती उत्तरेतल्या पंजाब, हरियाणा, उत्तराखंड वगैरे प्रदेशांसाठी. आपला पट्टा त्या यादीत नाही. चपलेला कायद्याने नाव दिले, तांदळाचे नाव कायद्याने दुसऱ्याचे ठरवले. असो. नावाचे काय ते शेतकरी पाहतील. पण खाद्यमहोत्सवात ज्या तांदळाचा मसालेभात आपण वाखाणतो, त्याच्या पट्ट्यातली सुपीक जमीन हलगा-मच्छे बायपाससाठी घेतली जाऊ लागली, तेव्हा शेतकरी न्यायालयात आणि बांधावर झगडत होते. वाखाणणारे त्यांतले किती तेथे गेले? भाताचा वास आवडतो, चिखल नको, अशी आपली स्थिती आहे.

आता दुसरी बाजू. कोणी म्हणेल, महाराज, महोत्सव नसता तर हा कारागीर व्यापाऱ्याच्या तावडीतच राहिला असता. हे खरे आहे आणि मोठ्या मनाने मान्य केले पाहिजे. दिल्लीला १९९४ मध्ये दिल्ली हाट सुरू झाले, तेथे कारागिरांना पाळीपाळीने गाळे मिळतात आणि गिऱ्हाइकाशी थेट गाठ पडते. बचत गटांच्या सरस मेळाव्यांतून आपल्याकडच्या कितीतरी भगिनी पहिल्यांदाच स्वतःच्या मालाची किंमत स्वतः सांगायला शिकल्या. अथणीच्या महिला कारागिरांनी गट बांधून टोहोल्ड या नावाने आपल्या चपला परदेशापर्यंत नेल्या. २०२३ मध्ये केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आली. तिच्यात अठरा प्रकारचे कारागीर आहेत आणि त्यांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ती यादी वाचताना मला तर शरणांची नामावळीच वाचल्यासारखे वाटले. चांभार आहे, कुंभार आहे, परीट आहे, टोपल्या विणणारा आहे. हरळय्या, गुंडय्या, माचिदेव, केतय्या!

जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. बलुतेदारीत, किंवा आपल्या कन्नड भागातल्या आयगारांत, कारागिराला खळ्यावर धान्य मिळे. पण ते मिळवायला त्याला खळ्याच्या कडेला उभे राहावे लागे, आणि सूप किती भरायचे हे दुसऱ्याच्या हातात असे. महोत्सवात निदान त्याला टेबल-खुर्ची मिळते. ही प्रगती लहान नाही. परंतु २०२० च्या टाळेबंदीत सगळे मांडव उठले, तेव्हा काय झाले ते आठवा. कौतुक करणारे हजारो होते, वर्षाला एक जोड किंवा एक साडी नेमाने घेणारे किती निघाले? स्थावर पडते आणि जंगम टिकते, हे बसवण्णांनी देवालयाविषयी सांगितले. चार दिवसांचा मांडव हे तर स्थावरातले सर्वांत कच्चे स्थावर. रोजचे गिऱ्हाईक हे जंगम आहे.

मला सर्वांत अधिक टोचते ती मात्र आणखी एक गोष्ट. "ही कला टिकली पाहिजे" असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणी टिकवायची असते? मनातल्या मनात आपले उत्तर ठरलेले असते: त्यानेच, त्याच्या मुलानेच. इलकल साडीचा पदर अंगाच्या ताण्याला कोंडीने, एकेक धागा गुंतवून, कसा जोडतात हे पाहून आपण थक्क होतो आणि विणकराला विचारतो, "मुलगा शिकतोय ना हे?" तो जेव्हा सांगतो की, मुलगा बेंगळूरला नोकरीला आहे, तेव्हा आपण हळहळतो. आपला मुलगा बेंगळूरला असला की मात्र पेढे वाटतो!

बसवण्णांच्या एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा आहे की, लोखंड तापवले म्हणून लोहार, कपडे धुतले म्हणून परीट, माग चालवला म्हणून कोष्टी. काम आधी, नाव नंतर, आणि जन्माचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे कायक निवडता येते, सोडता येते, दुसऱ्याला शिकवता येते. जे जन्माने गळ्यात पडते आणि सोडता येत नाही ती वेठ. तेव्हा कला टिकावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याने कारागिराच्या मुलाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या मुलाकडे पाहावे. तो चाकावर बसेल काय? खानापूरला कुंभारकामाचे शिक्षण देणारी खादी ग्रामोद्योग आयोगाची संस्था आहे. तेथे कुंभाराखेरीज इतर घरांतली मुले पाठवायला आपण तयार आहोत काय? आणि माती ठीक, पण चामड्याला हात लावायला? हा प्रश्न वाचून तुमच्या मनात जे क्षणभर चमकले असेल, तेच बाराव्या शतकात बिज्जळाच्या दरबारी मंडळींच्या मनात चमकले होते. आपण हरळय्यांच्या नावाचा जयजयकार करणारे, म्हणून आपल्याला ते अधिक लागले पाहिजे.

वैशाख शुद्ध तृतीयेला बसव जयंती येते. आपल्या गावोगावच्या समित्या आता मिरवणुकीबरोबर स्थानिक वस्तूंचे छोटे प्रदर्शनही भरवू लागल्या आहेत. भरवावे. पण गाळ्याचे भाडे कारागिराकडून घेऊ नये. किंमत त्याने स्वतः लिहून लावावी आणि त्या मांडवात घासाघीस चालणार नाही, असे समितीने दारातच सांगावे. फलकावर गावाचे नाव असते तसे करणाऱ्याचे आणि करणारीचेही नाव असावे. प्रात्यक्षिक दाखवायला बसवले तर त्याला शिकवणाऱ्याचे मानधन द्यावे, कारण तो करमणूक करीत नसून शिकवीत असतो. आणि प्रसादाच्या वेळी त्याला गाळ्यावर डबा पाठवू नये. गाळा अर्धा तास बंद राहील, राहू द्या. तो पंक्तीत बसेल. समितीचे अध्यक्ष त्याच्या शेजारच्या पाटावर बसतील.

ज्यांना जयंतीला नवी चप्पल घालायची असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, हातचा जोड मागितल्या दिवशी मिळत नाही. कातडे कमवून तयार असले तरी कापणे, ठोकणे, शिवणे, वेणी घालणे यांना वेळ हा लागतोच. फाल्गुनात माप द्यावे. माप देताना कारागीर कागद अंथरतो, त्यावर आपण अनवाणी उभे राहतो आणि तो खाली बसून पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढतो. तेवढ्या वेळात त्याचे नाव विचारायला हरकत नाही.